दातांचं बॉन्डिंग: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बॉन्डिंग म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट नावाचं मऊ मिश्रण थराथराने दातावर चिकटवायचं, निळ्या प्रकाशाने कडक करायचं आणि घासून आकार द्यायचा. एका दाताला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे हे एका भेटीत उरकणारं काम आहे असा समज पक्का झाला आहे. पण त्या तासाच्या आधी दोन आठवड्यांची तयारी लागते आणि दात पांढरे करून घ्यायचे असतील तर सुमारे पाच आठवड्यांची. ही तयारी गाळली की पुढे ठरलेल्या तक्रारी येतात: कडेला तपकिरी रेघ उमटते, रंग शेजारच्या दाताशी जुळत नाही, कोपरा निखळतो, फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा दोरा) अडकून तुटतो. दोष कंपोझिटला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम.

हा लेख बॉन्डिंग करून घेणाऱ्यांसाठी आहे. हे काम दंतवैद्यच करणार, पण कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि कुठे घाई करू द्यायची नाही, हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे.

## १. आपल्या दाताला बॉन्डिंग चालेल का

टवका उडालेला कोपरा, दोन दातांमधली छोटी फट, जन्मतः निमुळता असलेला बाजूचा दात, झिजून वरखाली झालेल्या कडा, एखादा ठळक डाग या गोष्टींसाठी बॉन्डिंग उत्तम. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, फारसं घासावं लागत नाही आणि बहुतेकदा भूल द्यायचीही गरज पडत नाही.

फटीच्या बाबतीत मात्र आधी आकडेमोड करा. समोरच्या मधल्या दाताची रुंदी त्याच्या उंचीच्या ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्याला बरा दिसतो. समजा दात १०.५ मिमी उंच आणि ८.५ मिमी रुंद आहेत आणि मधली फट ३ मिमी आहे. दोन्ही दातांवर निम्मी निम्मी फट भरली तर प्रत्येक दात १० मिमी रुंद होतो, म्हणजे जवळजवळ चौकोनी. फट बुजते, पण दात थोराड दिसतात. सगळी फट एकाच दातावर भरली तर ते आणखी वाईट दिसतं. म्हणून फट २ मिमीच्या पुढे असेल तर आधी दात सरकवणाऱ्या ब्रेसेस किंवा अलाइनरने जागा कमी करून किंवा वाटून घ्यायची आणि उरलेल्या कामासाठी बॉन्डिंग करायचं.

या परिस्थितीत आधी दुसरा उपचार लागतो:

- दातात कीड आहे किंवा हिरड्यांतून रक्त येतं.
- झोपेत दात खाण्याची सवय आहे. अशा वेळी नाइट गार्डची (रात्री दातांवर घालायच्या आवरणाची) तयारी ठेवूनच बॉन्डिंग करा.
- वरचे आणि खालचे दात टोकाला टोक आपटतात. तिथे कडेवर लावलेलं कंपोझिट फार काळ टिकत नाही.
- दात आतून काळवंडलेला आहे. मेलेल्या किंवा रूट कॅनाल झालेल्या दाताचा काळेपणा पातळ थराखाली लपत नाही. रूट कॅनाल झालेला असेल तर आधी आतून ब्लीचिंग (रसायनाने दात पांढरा करणं) करता येतं का ते विचारा.

तपासून पाहा: आरशासमोर ओठ उघडे ठेवून दात एकमेकांवर टेकवा आणि मग खालचा जबडा हळूहळू पुढे सरकवा. ज्या जागी कंपोझिट बसणार आहे, नेमक्या तिथेच खालचा दात घासत असेल तर ते पहिल्याच भेटीत दंतवैद्याला दाखवा.

इशारा: घरी वापरायच्या किटने किंवा कुठल्याही गोंदाने दातावर काही चिकटवू नका. खाली अडकलेला मळ निघत नाही, चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची पद्धत) बदलतो, हिरडी भाजू शकते. पुढे ते काढताना इनॅमलही निघण्याचा धोका असतो.

## २. हिरड्या शांत करा: दोन आठवडे आधी

स्केलिंग (दातांवर साठलेला कठीण मळ काढणं) आणि बॉन्डिंग एकाच दिवशी उरकण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. तसं करू नका. स्केलिंगनंतर हिरडी काही दिवस नाजूक असते आणि हात लागताच रक्त सोडते. बॉन्डिंगच्या वेळी हिरडीलगत रक्ताचा किंवा लाळेचा एक थेंब जरी पोचला तरी तेवढ्या भागात चिकटवायचा द्रव धरत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी त्याच जागेतून चहा-कॉफीचा रंग आत झिरपतो आणि तपकिरी रेघ उमटते.

दुसरं कारण आकाराचं आहे. सुजलेली हिरडी दाताचा थोडा भाग झाकते. सूज उतरली की हिरडी वर सरकते आणि बॉन्डिंगची कड उघडी पडते.

म्हणून स्केलिंग करून घ्या, कीड असेल तर भरून घ्या, मग दोन आठवडे रोज दोनदा ब्रश आणि एकदा फ्लॉस करा. या काळात कुठे तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर ते कोणतं आहे ते विचारून ठेवा. लवंग तेलाचा अंश, म्हणजे युजेनॉल, असलेलं सिमेंट दाताला लागलं असेल तर त्या जागी कंपोझिट नीट कडक होत नाही.

तपासून पाहा: सलग तीन-चार दिवस फ्लॉस केल्यावर रक्ताचा मागमूसही नसेल तर हिरडी तयार आहे. रक्त येत असेल तर तारीख पुढे ढकला.

## ३. दात पांढरे करायचे असतील तर ते आधी

हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो. कंपोझिट ब्लीचिंगने पांढरं होत नाही. आधी बॉन्डिंग आणि मग ब्लीचिंग केलं की आजूबाजूचे दात उजळतात आणि बॉन्डिंग पिवळसर ठिपक्यासारखं उठून दिसतं. मग ते सगळं काढून नव्याने करण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.

ब्लीचिंग झाल्यावर लगेच बॉन्डिंग करणंही चूकच. निदान दोन आठवडे मध्ये जाऊ द्या. ब्लीचिंगच्या पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन काही दिवस दातात मुरलेला असतो आणि ऑक्सिजन कंपोझिटला कडक होऊ देत नाही, त्यामुळे पकड कमजोर राहते. शिवाय ब्लीचिंगनंतर रंग थोडा मागे येतो आणि मगच स्थिरावतो. तो स्थिर होण्याआधी शेड घेतली, म्हणजे जुळणारी रंगछटा ठरवली, तर बॉन्डिंग दातापेक्षा पांढरं ठरतं.

घरी दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरायचं असेल तर त्यालाच साधारण दोन आठवडे लागतात. वेळापत्रक असं बसतं: पहिल्या आठवड्यात स्केलिंग, मग दोन आठवडे ब्लीचिंग, मग दोन आठवडे विश्रांती आणि सहाव्या आठवड्यात बॉन्डिंग.

इशारा: दोन आठवडे मोजायचे ते शेवटच्या वापरापासून. मधल्या काळात "थोडं आणखी उजळेल" म्हणून पांढरं करणाऱ्या स्ट्रिप्स वापरल्या तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. त्यातही पेरॉक्साइडच असतं.

## ४. आकार तोंडात बघून ठरवा

एकाच दाताचा छोटा टवका असेल तर हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. दंतवैद्य कोरड्या न केलेल्या दातावर, चिकट द्रव न लावता कंपोझिटचा गोळा बसवतात, आकार आणि चावा बघतात आणि मागच्या बाजूने सिलिकॉनच्या पुट्टीचा साचा घेतात. मग तो गोळा काढून टाकतात आणि खऱ्या कामात तोच साचा मागची भिंत उभी करायला वापरतात. साच्याविना हवेत कड उभी करायची म्हणजे अंदाजपंचे काम. मग जास्तीचं कंपोझिट घासण्यातच वेळ जातो.

चार-सहा दातांचं काम असेल तर दातांच्या प्रतिकृतीवर मेणात आकार घडवून, म्हणजे वॅक्स-अप करून, त्याचा मॉक-अप तोंडात लावून दाखवायला सांगा. मॉक-अप तात्पुरता असतो आणि सहज निघतो.

मॉक-अप बघताना खुर्चीत आडवे राहू नका. उठून उभे राहा, हसा, बोला. "फोटो", "व्हॅन" असे शब्द म्हणा. ते म्हणताना वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाला हलक्या टेकल्या पाहिजेत. ओठात रुतत असतील तर लांबी जास्त झाली आहे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि ओठ सैल सोडून असे फोटो काढा. नापसंती असेल तर ती इथेच बोला. इथे बदल दोन मिनिटांत होतो, नंतर तोच बदल ड्रिलने करावा लागतो.

## ५. शेड: दात ओला असताना, सगळ्यात आधी

खुर्चीत बसल्यावर पहिलं काम शेड घेण्याचं. तोंड उघडं ठेवून, कापूस लावून, हवा मारून दात कोरडा झाला की काही मिनिटांतच तो पांढुरका आणि खडूसारखा दिसू लागतो. ओलावा परत मुरून मूळ रंग यायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. कोरड्या दाताशी जुळवलेली शेड दुसऱ्या दिवशी ठिगळासारखी दिसते.

तयारी अशी ठेवा: लिपस्टिक नको, गडद रंगाचे कपडे असतील तर त्यांवर फिकट कापड टाका, दिवसाची वेळ घ्या आणि खिडकीजवळचा उजेड वापरा. खुर्चीवरचा दिवा बंद करायला सांगा, कारण तो रंग धुऊन टाकतो.

शेड गाइडमधल्या ए१, ए२, बी१ अशा पट्ट्या फक्त सुरुवातीच्या अंदाजासाठी असतात. पट्टी जाड असते आणि तुमच्या दातावरचा थर पातळ असणार, शिवाय पट्टी अनेकदा त्या कंपोझिटची बनवलेलीही नसते. खात्रीचा उपाय बटण चाचणीचा. जे कंपोझिट वापरायचं आहे त्याचा मसुराएवढा ठिपका चिकट द्रव न लावता ओल्या दातावर ठेवायचा, दाबून अंदाजे खऱ्या थराइतका करायचा आणि प्रकाशाने कडक करायचा. कडक होताना बऱ्याच कंपोझिटचा रंग थोडा बदलतो, म्हणून मऊ असतानाचा रंग ग्राह्य धरू नये. दोन-तीन शेडचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, तोही कृष्णधवल करून पाहिला, तर उजळपणातला फरक लगेच कळतो. नखाएवढ्या अवजाराने हे ठिपके टचकन निघतात.

तुटलेल्या कोपऱ्यासाठी एकच शेड सहसा पुरत नाही. मागे अपारदर्शक डेंटिन (इनॅमलखालचा थर) शेड आणि पुढे अर्धपारदर्शक इनॅमल शेड लागते. नुसती पारदर्शक शेड लावली तर तोंडातला अंधार आरपार दिसतो आणि कोपरा करडा पडतो. नुसती अपारदर्शक लावली तर दात निर्जीव दिसतो. "कोपऱ्यात किती थर देणार?" हा प्रश्न जरूर विचारा.

तपासून पाहा: काम संपल्यावर लगेच आरशात बघाल तेव्हा तुमचा मूळ दातच बॉन्डिंगपेक्षा पांढरा दिसेल. तो सुकलेला आहे, एवढंच त्याचं कारण. "रंग चुकला, पुन्हा करा" असं त्या क्षणी म्हणू नका. ४८ तासांनी दिवसाच्या उजेडात बघून मत द्या.

## ६. खुर्चीवरचा क्रम

पहिलं, सफाई. प्युमिसची पूड पाण्यात कालवून दात घासतात. तेल किंवा फ्लोराइड असलेली पेस्ट या वेळी टाळतात. टवका असेल तर त्याच्या कडेला १ ते २ मिमीचा तिरका उतार देतात, नाहीतर जोडाची रेघ समोरून दिसते.

दुसरं, दात कोरडा राखणं. रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा, सगळ्यात चांगला. तो नसेल तर ओठ ताणून धरणारं साधन, कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढणारी नळी हवीच. शेजारच्या दाताला टेफ्लॉनची पातळ टेप गुंडाळतात, म्हणजे दोन दात एकमेकांना चिकटत नाहीत. इथे तुमचंही काम आहे: नाकाने श्वास घ्या. तोंडावाटे निघणारी वाफ दातावर बसते आणि तीही पकड कमी करते. गिळायचं किंवा खोकायचं असेल तर आधी हात वर करा, ओठ मिटू नका.

तिसरं, एचिंग, म्हणजे चिकट द्रव धरावा म्हणून आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणं. साधारण ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्लाचं जेल, बहुधा निळं. इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटिन उघडं असेल तर तिथे १५ सेकंदांच्या वर नाही. मग भरपूर पाण्याने धुऊन सुकवतात. नीट एच झालेलं इनॅमल दहिवर पडल्यासारखं पांढरं, निस्तेज दिसतं. मध्येच चकाकणारा पट्टा राहिला असेल तर तिथे जेल पोचलेलं नाही.

इशारा: या टप्प्यानंतर दाताला लाळ लागली तर नुसतं पुसून भागत नाही. धुऊन, सुकवून, काही सेकंद पुन्हा एच करावं लागतं. ओठ किंवा जीभ लागली असं जाणवलं तर तुम्ही खूण करून सांगा, संकोच नको.

चौथं, चिकट द्रव. तो दातावर १५ ते २० सेकंद चोळतात. नंतर मंद हवा मारून, त्यावर लहर उठायची थांबेपर्यंत पातळ करतात आणि १० ते २० सेकंद प्रकाश देतात. द्रव साचून राहिला तर कडेला पिवळी रेघ दिसते. बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या वेळा वेगवेगळ्या असतात आणि त्याच पाळायच्या.

पाचवं, थर. एक थर जास्तीत जास्त २ मिमी आणि प्रत्येक थराला साधारण २० सेकंद प्रकाश. गडद आणि अपारदर्शक शेडला जास्त वेळ लागतो. जाड थर एकदम कडक करायला गेलं तर वरून टणक आणि आतून कच्चा राहतो, आणि तोच पुढे रंग शोषतो. प्रकाशाचं टोक दाताच्या शक्य तितकं जवळ आणि काटकोनात हवं. तुम्ही त्या निळ्या प्रकाशाकडे पाहू नका, नारिंगी चष्मा मागून घ्या.

सहावं, ग्लिसरीनखाली शेवटचा प्रकाश. कंपोझिटचा सगळ्यात वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट, कच्चा राहतो. वर ग्लिसरीनचं जेल लावून पुन्हा २० सेकंद प्रकाश दिला की तोही कडक होतो. मिनिटाभराचं काम, पण घाईत नेमकं हेच गाळलं जातं. चिकट पापुद्रा नंतर पॉलिशने सगळीकडे नीट निघाला नाही तर डाग लवकर धरतात.

## ७. चावा, कडा, पॉलिश

चावा बसून तपासायचा, कारण आडवं पडल्यावर जबडा मागे सरकतो. रंगीत कागद दातांत धरून आधी सरळ चावायचं, मग जबडा पुढे आणि दोन्ही बाजूंना घासत न्यायचा. नव्या कडेवर शेजारच्या दातांपेक्षा ठळक ठिपका उमटला तर तिथे घासायलाच हवं. "होईल सवय" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. उंच राहिलेल्या जागी दात दुखतो किंवा कंपोझिट फुटतं.

हिरडीजवळची कड जिभेने आणि फ्लॉसने तपासा. फ्लॉस वरून आत जाताना किंचित अडून "टक्" करून गेला तर ठीक. आत जाऊन वर येताना त्याचे धागे निघाले तर तिथे जास्तीचं कंपोझिट बाहेर आलेलं आहे. ते तसंच राहिलं तर मळ साठतो आणि हिरडी सुजते. उठण्याआधीच ते काढून घ्या.

पॉलिश खरखरीत चकतीपासून बारीक चकतीपर्यंत क्रमाने होतं आणि शेवटी पेस्ट लावतात. मधली चकती गाळली तर आधीचे ओरखडे तसेच राहतात. दात ओला असताना चमकतो, पण सुकवला की मंद दिसतो, म्हणून चमक सुक्या दातावर बघायची. शक्य असेल तर शेवटचं पॉलिश एक-दोन आठवड्यांनी दुसऱ्या भेटीत करून घ्या. तोवर दाताचा ओलावा परत आलेला असतो, रंगाचा खरा अंदाज येतो आणि पहिल्या दिवशी थकलेल्या डोळ्यांना न दिसलेली रेघ सापडते.

## ८. पहिले ४८ तास आणि पुढची वर्षं

पहिले दोन दिवस चहा, कॉफी, गडद रंगाचे पदार्थ आणि तंबाखू टाळा. प्रकाश दिल्यानंतरही कंपोझिटमधली प्रक्रिया साधारण दिवसभर हळूहळू चालू असते. थंड-गरम लागणं दोन-चार दिवस चालतं. चावताना टोचत असेल तर मात्र दुसऱ्याच दिवशी फोन करा, चावा उंच राहिलेला असतो.

नंतरच्या सवयींपैकी महत्त्वाच्या एवढ्याच: मऊ ब्रश, कोळशाची किंवा खरखरीत पांढरी करणारी पेस्ट नाही, कारण तिने चमक जाते, समोरच्या दातांनी नखं, पेन, बाटलीची झाकणं, दोरा तोडणं बंद, फ्लॉस वर ओढून न काढता बाजूने सरकवून काढणं. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दीर्घकाळ वापरलं तर डाग पडतात, म्हणून ते दंतवैद्याने सांगितलं तेवढेच दिवस वापरा. नाइट गार्ड दिला असेल तर रोज रात्री घाला. तो बॉन्डिंगनंतरच्या दातांच्या मापाचा हवा, जुना गार्ड नव्या कडांवर नीट बसत नाही.

बॉन्डिंग साधारण ३ ते १० वर्षं टिकतं. कडेवरचं आधी झिजतं, दाताच्या सपाट भागावरचं जास्त टिकतं. दर सहा महिने ते वर्षाने तपासणीच्या वेळी पॉलिश करून घ्या.

## ९. बिघडलं तर

पृष्ठभागावरचा डाग पॉलिशने जातो. जोडाच्या रेषेवरची तपकिरी रेघ पॉलिशनेही गेली नाही तर कड उघडी पडली आहे. खाली कीड सुरू होण्याआधी तेवढाच भाग काढून पुन्हा भरतात.

टवका उडाला म्हणून सगळं बॉन्डिंग काढायची गरज नसते. उरलेलं कंपोझिट पक्कं असेल तर त्याचा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांच्या फवाऱ्याने किंवा ड्रिलने खरखरीत करतात, सिलेन (जुन्या-नव्या थराची पकड वाढवणारं द्रव्य) आणि चिकट द्रव लावतात आणि वर नवा थर देतात. जुन्या गुळगुळीत कंपोझिटवर तसाच नवा थर लावला तर तो सुटून येतो. निखळलेला तुकडा सापडला तर घेऊन जा, पण घरी चिकटवू नका.

दुरुस्तीत खरी अडचण रंगाची येते, कारण कोणत्या कंपनीचं कंपोझिट आणि कोणत्या थराला कोणती शेड वापरली होती हे दोन-तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. म्हणून काम झालं त्याच दिवशी कंपोझिटचं नाव, डेंटिन आणि इनॅमल थरांच्या शेड आणि तारीख कागदावर लिहून घ्या, आणि सिलिकॉनचा साचा टाकून न देता जपून ठेवायला सांगा.